विहिरीवरची मोटर गेली, आता काय? गावातली चोरी रोखण्यापासून पोलिसात फिर्याद देण्यापर्यंत सगळं सविस्तर

आमच्या विहिरीवरची केबल पहिल्यांदा गेली तेव्हा मी तक्रार दिली नाही. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही नाही. म्हटलं दीडशे फूट वायर, त्यासाठी कोण पोलीस स्टेशनच्या चकरा मारणार, कांदा काढणी चालू, मजूर मिळेना, त्यात अर्धा दिवस घालवायचा. तिसऱ्या वेळेस केबलसोबत पाच एचपीची मोटरच वर काढून नेली, मग गेलो. पण तक्रार नीट दिली नाही, बिल सापडत नव्हतं, मोटरचा नंबर कुठं लिहिलेला नव्हता, नुसतं "पाच एचपीची निळी मोटर" एवढंच सांगून आलो. चारेक महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात टोळी सापडली, मोटरींचा ढीग लागला होता, मी बघायला गेलो तर त्यात तीन निळ्या मोटरी. एक माझीच होती असं मला आजही वाटतं पण माझी म्हणून दाखवू कशी? आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आप्पांनी बॉडीवर वेल्डिंगनी नाव आणि गट नंबर टाकलेला होता, ते कोर्टात अर्ज करून आपली मोटर घेऊन आले. मी हात हलवत परत.

त्यानंतर मी गावच्या ग्रामसुरक्षा दलात गेलो, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांसोबत पोलीस स्टेशनला जाऊन बसलोय. जे शिकलो ते इथं लिहितोय. मी नाशिक जिल्ह्यातला, त्यामुळं उदाहरणं कांदा, द्राक्ष, मोटर, केबल यांची येतील, पण कायदा सगळीकडं तोच आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी आणि सीआरपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलेत, कलमांचे नंबर बदललेत, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

पायरी १: एक वही करा, आजच

साधी शंभर पानी वही घ्या. घरात आणि शेतात जे जे चोरीला जाऊ शकतं ते एकेका पानावर लिहा. मोटर असेल तर कंपनी, एचपी आणि नेमप्लेटवरचा सिरियल नंबर. नेमप्लेट गंजून जाते किंवा चोर पहिल्यांदा तीच उपटतात म्हणून फोटो आत्ताच काढून ठेवा. ट्रॅक्टर आणि मोटरसायकलचा इंजिन नंबर, चेसिस नंबर. सोलर पॅनलच्या मागं सिरियल नंबरचं स्टिकर असतं, प्रत्येक पॅनलचा वेगळा, ते सगळे लिहा. मोबाइलवर स्टार हॅश ०६ हॅश डायल केलं की आयएमईआय नंबर येतो, दोन सिम असतील तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा. गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो त्यावर १२ आकडी नंबर असतो, तो लिहा आणि जनावराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शिंगं, कपाळावरचा चांद, पायावरचे डाग दिसतील असा. बिल्ला कापून टाकता येतो, चांद कापता येत नाही. दागिन्यांचे फोटो, वजन आणि सराफाची पावती.

मग खूण. मोटरच्या बॉडीवर वेल्डिंग रॉडनी किंवा ग्राइंडरनी आडनाव आणि गट नंबर टाका. दोन ठिकाणी टाका, एक समोर आणि एक सहज दिसणार नाही अशा जागी. समोरची खूण घासून काढतील पण लपवलेली राहते, आणि तीच ओळख पटवताना कामाला येते. आमच्याकडं वेल्डिंगवाल्याला एक दिवस बोलावलं आणि वस्तीवरच्या सगळ्या मोटरी, पेट्या, नांगर, रोटाव्हेटर एकाच दिवसात करून घेतलं, खर्च वाटून घेतला.

केबलचं मात्र खूण करून काही होत नाही. चोर ती ओढ्यात नेऊन जाळतात, वरचं प्लास्टिक जळतं आणि तांबं भंगारात जातं. केबलला एकच उपाय, ती उघडी ठेवायची नाही. पाइपातून जमिनीत दोन फूट खाली घाला, जिथं जमेल तिथं पोलपासून स्टार्टरपर्यंत अॅल्युमिनियमची वायर वापरा, तिला भंगारात भाव कमी. आमच्याकडं ज्यांनी हे केलं त्यांच्याकडं पुन्हा चोरी झाली नाही.

पायरी २: चोराला वेळ मिळू देऊ नका

केबल चोर बहुतेक कधी येतात हे तुम्ही बारकाईनं पाहिलं तर लक्षात येईल, थ्री फेज लाइट नसते तेव्हा. शेतीच्या लाइटचं आठवड्याचं वेळापत्रक आपल्याला पाठ असतं तसं त्यांनाही असतं. ज्या आठवड्यात दिवसा लाइट असते त्या आठवड्यात रात्री शिवार सामसूम, कोणी पाणी भरायला जात नाही, वायर मेलेली, कापायला धोका नाही. म्हणजे गस्त त्याच आठवड्यात जास्त हवी. आम्ही आधी उलटं करत होतो, रात्रीची लाइट असली की सगळे शेतात जागे आणि दिवसाची लाइट असली की सगळे घरी झोपलेले.

केबल तुटली की मालकाला फोन जातो असे मोबाइल स्टार्टर मिळतात, परवडत असेल तर घ्या. नाहीतर दोन तीन शेजाऱ्यांनी ठरवून घ्या की झोपायच्या आधी ज्याचा मळा रस्त्यावर आहे त्यानं एक चक्कर मारायची.

गोठ्यात रात्रभर एक बारका बल्ब चालू ठेवा आणि जनावर दाव्याऐवजी साखळी कुलपानं बांधा, दावं कोयत्याच्या एका घावात तुटतं. आग लागली तर सोडायला वेळ लागतो म्हणून किल्ली गोठ्यातच पण आतल्या बाजूला टांगा.

चैत्र वैशाखात जत्रा आणि लग्नं सुरू झाली की अख्खं घर कुलूप लावून जातं. जाताना शेजारी सांगा, पोलीस पाटलांना सांगा, आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला मांडवातले फोटो घरी परत आल्यावर टाका. दागिने लग्नासाठी लॉकरमधून काढले असतील तर ते परत ठेवेपर्यंतचे आठ दिवस सगळ्यात धोक्याचे.

अजून एक जे बोलायला लोकांना अवघड वाटतं. चोरीचा माल विकला जातो म्हणूनच चोरी होते. बिल नसलेली मोटर निम्म्या भावात मिळतेय म्हणून घेऊ नका, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका यायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात येणाऱ्या भंगारवाल्याला जळकं तांबं कोण देतं यावर लक्ष ठेवा आणि दिसलं तर बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, कळवा.

वस्तीवर एकटे राहणारे म्हातारे आईवडील हा माझ्या जिवाला लागलेला विषय आहे. पोरं पुण्या मुंबईला, मळ्यात दोघंच. त्यांच्या मोबाइलमध्ये एक नंबर दाबला की जवळच्या शेजाऱ्याला फोन लागेल असं सेट करून द्या, दाराला आतून आडणा हवा, खिडकीतून बोलून ओळख पटल्याशिवाय रात्री दार उघडायचं नाही, आणि घरात रोख रक्कम किती आहे हे गड्यासमोर किंवा पारावर बोलायचं नाही. आणि त्यांना हे पण सांगून ठेवा की हत्यार घेऊन कोणी आत आलंच तर जे मागतील ते देऊन टाकायचं. सोनं परत करता येतं.

पायरी ३: गावाची यंत्रणा चालू करा

पोलीस पाटील हे पद महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ खाली आहे, गावात काही घडलं तर पोलीस स्टेशनला कळवणं, गुन्हा होऊ नये म्हणून लक्ष ठेवणं, हे त्यांचं कामच आहे. त्यांचा नंबर घरातल्या प्रत्येकाकडं हवा. दुसरा नंबर आपल्या बीट अंमलदाराचा. आपलं गाव कुठल्या बीटमध्ये येतं आणि सध्या तिथं कोण आहे हे पोलीस स्टेशनला विचारा, बदली झाली की नवीन नंबर घ्या.

ग्राम सुरक्षा यंत्रणा नावाची एक सोय राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत चालते. १८००२७०३६०० हा टोल फ्री नंबर. गावातल्या घरांचे मोबाइल नंबर त्यात आधी नोंदवायचे, मग नोंद असलेल्या कोणी त्या नंबरला फोन करून काय झालंय ते बोललं की त्याचाच आवाज थोड्या वेळात सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून जातो. रात्री दोन वाजता व्हॉट्सअॅप मेसेज कोणी बघत नाही पण फोन वाजला की माणूस उठतो. आपल्या गावाची नोंद आहे का हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस स्टेशनला विचारा, नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. नोंद झाल्यावर एकदा ट्रायल कॉल करून बघा, आमच्याकडं पहिल्या ट्रायलला कळलं की अर्ध्या लोकांचे नंबर जुनेच होते.

सीसीटीव्ही बसवताना गावाच्या वेशीवर आणि फाट्यावर बसवा, गाडीची नंबरप्लेट दिसेल एवढा खाली आणि रात्री हेडलाइटचा झोत थेट लेन्सवर येणार नाही असा. पारावर आणि देवळात चार कॅमेरे लावून वेस मोकळी ठेवली तर चोर कुठून आले कुठं गेले काही कळत नाही. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. आणि डीव्हीआर ठरावीक दिवसांनी जुन्या फुटेजवर नवीन रेकॉर्ड करतो, तो किती दिवसांनी करतो हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या.

गस्त घालताना

हे वेगळं लिहितोय कारण इथंच गावं चुकतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीये असे मेसेज त्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर फिरत होते, कोणीतरी त्यांना एका लहान मुलीशी बोलताना पाहिलं आणि जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले इथं तेच, लॉकडाऊनमध्ये चोर येतात अशी अफवा, रात्रीच्या गस्ती चालू, आणि गाडीतून चाललेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. या दोन्ही गावांतली कितीतरी माणसं जेलमध्ये गेली, घरं उद्ध्वस्त झाली. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून पुणे, नगर, बीडकडची गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती तेव्हा मला रोज रात्री राईनपाडा आठवायचा.

म्हणून आमच्या दलाचे नियम असे आहेत. गस्तीवर चार जणांपेक्षा कमी नाही, त्यात एक तरी वयानं मोठा माणूस, आणि कोणी पिलेला नाही. गस्तीची यादी पोलीस स्टेशनला दिलेली. हातात बॅटरी आणि शिट्टी, काठी फक्त कुत्र्यासापासाठी. अनोळखी माणूस दिसला तर लांबून थांबवून नाव, गाव, कोणाकडं आलात विचारायचं, गाडीचा नंबर टिपायचा, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही, पोलिसांना फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी होऊ द्यायची नाही. गावाबाहेर पालं पडली की लोक लगेच संशय घेतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण गावाच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पालावर जाऊन दिवसा चहा घ्या, कुठून आले किती दिवस आहेत विचारा, ओळख झाली की संशय निम्मा जातो.

समोर चोरी करताना कोणी सापडलाच तर? दखलपात्र (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तसं आहे, पण त्याला उशीर न करता, जास्तीत जास्त ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पकडण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही. बांधून ठेवलेल्या माणसाला चोप दिला की सकाळी चोराआधी तुमच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि पाच किंवा जास्त जणांच्या जमावानं जात, धर्म, भाषा, जन्मठिकाण असल्या कारणावरून कोणाचा जीव घेतला तर न्याय संहितेच्या कलम १०३ खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे.

पायरी ४: चालू घटनेत ११२

चोर अजून शिवारात आहेत, घरात घुसलेत, मारामारी चालू आहे, अशा वेळी पोलीस स्टेशनचा नंबर शोधत बसू नका, ११२ लावा. फोन उचलल्यावर आपण घाबरून सगळं एकदम सांगतो आणि पत्ता राहून जातो. आधी जागा सांगा. गाव, तालुका, जिल्हा, आणि मग ओळखीची खूण, "अमुक फाट्यावरून आत दीड किलोमीटर, पाण्याच्या टाकीपासून डावीकडं कॅनॉलच्या कडेनं". एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात म्हणून तालुका सांगाच. मग काय चाललंय, किती जण, हत्यार आहे का, गाडी कुठली आणि कुठल्या दिशेनं. कोणी जखमी असेल तर ते. फोन कट करू नका आणि नंतर त्या नंबरवर फोन येईल तो उचला, गाडी रस्ता चुकली की विचारायला तेच करतात. एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

पायरी ५: घडून गेल्यावर पहिला तास

सकाळी कळलं की सगळा गाव बघायला येतो आणि वीस जणांचे पाय चोराच्या पायावर पडतात. विहिरीपासून लांब दोरी किंवा ठिबकची नळी आडवी बांधा. पायाचे ठसे, टायरची चाकोरी दिसली तर त्यावर घमेलं पालथं घाला, वारा आणि कोंबड्या दोन्हीपासून राहतं. कुलूप तुटलेलं असेल तर उचलू नका. कपाट विस्कटलेलं असेल तर आवरू नका, बायकांना ते बघवत नाही आणि त्या आवरायला लागतात, त्यांना समजावून सांगा की ठसे त्यावरच असतात. चोर कटर, पहार, चपला, बिडीचं थोटुक टाकून गेले असतील तर तसंच राहू द्या. लांबून आणि जवळून फोटो काढा.

लगेच वेशीवरच्या, पेट्रोल पंपावरच्या, दूध डेअरीवरच्या कॅमेऱ्याचं बघा. डीव्हीआरमधली वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढं मागं आहे ते लिहून ठेवा. फुटेज पेन ड्राइव्हवर मूळ फाइल म्हणून घ्या, मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग केलं तर ते पुरावा म्हणून कच्चं पडतं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून डीव्हीआर कोणाच्या ताब्यात आहे ते नाव पोलिसांना द्या. आणि ते फुटेज गावच्या ग्रुपवर टाकू नका, ज्यांना पकडायचंय त्यांच्यापर्यंत ते तासाभरात पोचतं.

पायरी ६: फिर्याद

आता मुख्य. पोलीस स्टेशनला आपण जे देऊन येतो त्याचे प्रकार असतात आणि लोकांना ते माहीत नसतात. साधा तक्रार अर्ज देऊन आलात आणि पोच घेऊन आलात तर गुन्हा दाखल झालेला नसतो. अदखलपात्र म्हणजे एनसी झाली तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एफआयआर झाला, गुन्हा रजिस्टर नंबर पडला, तरच तपास सुरू. घरी परत यायच्या आधी विचारा, "साहेब, गु.र.नं. काय पडला?"

इथं एक फार महत्त्वाची गोष्ट. नवीन कायद्यात साध्या चोरीचा माल ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र केलाय. म्हणजे केबल गेली आणि तुम्ही अंदाजे "चार हजाराची असेल" म्हणालात की एनसी होणार. किंमत फुगवून सांगू नका, खोटं कोर्टात उघडं पडतं, पण सगळं मोजा. केबल किती फूट आणि आजचा भाव काय, स्टार्टर, फ्यूज, कटआउट, पेटी, क्लॅम्प, दोर, जे जे नेलं ते सगळं यादीत. पाइप कापून नुकसान केलं ते वेगळं लिहा. दुकानातून आजच्या दराचं कोटेशन घेऊन गेलात तर वादच राहत नाही. आणि घरातून किंवा माल ठेवायच्या खोलीतून, गोदामातून चोरी झाली असेल तर ती साधी चोरी धरत नाहीत, न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि किमतीची अट येत नाही. म्हणून मोटर स्टार्टर खोलीत होतं, खोलीला कुलूप होतं, कुलूप तोडलं, हे स्पष्ट सांगा.

जाताना न्यायचं: आधार, वहीतलं ते पान, बिल असेल तर बिल, फोटो, सातबारा. बिल नाही म्हणून फिर्याद अडत नाही.

सांगताना क्रमानं सांगा. शेवटचं कधी पाहिलं, कोणी पाहिलं, कधी लक्षात आलं, मधल्या वेळात काय ऐकू आलं, काय गेलं, कशाची किंमत किती. आमच्या गावच्या एका फिर्यादीतलं सांगणं मला आवडलं होतं, असं होतं, "दि. अमुक रोजी सायंकाळी ७ वाजता मी मोटर बंद करून खोलीस कुलूप लावून घरी आलो. दुसरे दिवशी सकाळी ६ वाजता गेलो असता कुलूप तुटलेले दिसले, खालील वस्तू मिळून आल्या नाहीत." बास. कोणावर संशय असेल तर संशय म्हणून सांगा आणि का आहे ते सांगा, बांधाचं भांडण आहे म्हणून भावकीतल्याचं नाव घुसडू नका, तपास भलतीकडं जातो आणि खरा चोर सुटतो.

लिहून झाल्यावर सही करायच्या आधी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तारीख, वेळ, गट नंबर, मोटरचा नंबर तपासा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, ती घेऊनच उठा. हद्दीचा प्रश्न काढला, म्हणजे तुमची विहीर शेजारच्या पोलीस स्टेशनला लागते म्हणाले, तरी त्याच कलमाप्रमाणे कुठल्याही पोलीस स्टेशनला फिर्याद घ्यावी लागते, मग ती झिरो नंबरनं वर्ग होते. तक्रार ऑनलाइन पाठवायची सोयही आहे, पण तशी पाठवली तर ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

घेतच नसतील तर? पहिल्यांदा भांडू नका, प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा, ठाणे अंमलदारापाशी अडलेलं काम बऱ्याचदा आत गेल्यावर होतं. नाहीच झालं तर तोच मजकूर लिहून जिल्ह्याच्या एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा, कलम १७३ चं चौथं पोटकलम यासाठीच आहे. तिथूनही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच ललिताकुमारी खटल्यात सांगितलंय. फिर्याद घ्यायला कोणी पैसे मागितले तर अँटी करप्शनचा टोल फ्री १०६४.

बाई किंवा ६० वर्षांपुढचा माणूस साक्षीदार असेल तर जबाबासाठी त्यांना पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो, हे बऱ्याच म्हाताऱ्यांना माहीत नसतं आणि ते बिचारे एसटीनं तालुक्याला जातात.

पायरी ७: नंतरचं

तपास अधिकारी कोण आहे त्यांचं नाव नंबर घ्या. ९० दिवसांच्या आत तपासाचं काय झालं हे फिर्यादीला कळवायचं बंधन आता कायद्यात आहे, कळवलं नाही तर लेखी विचारा. "अ समरी" केली असं कळलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही. पुढं कधी टोळी सापडली तर तपास परत उघडतो, म्हणून कागद टाकून देऊ नका. पेपरात कुठंही मोटरी पकडल्याची बातमी आली की एफआयआरची प्रत घेऊन तिथं जा.

माल सापडला तर तो कोर्टाच्या आदेशानं परत मिळतो, केस संपेपर्यंत थांबायची गरज नसते. कोर्टात अर्ज, मालकीचा पुरावा, आणि सुपूर्तनामा, की कोर्ट मागेल तेव्हा वस्तू हजर करीन. इथं ती वही आणि वेल्डिंगची खूण कामाला येते. सरकारी योजनेतला सौर पंप असेल तर त्याला पाच वर्षांचा विमा असतो, एफआयआरची प्रत लगेच कंपनीला आणि महावितरणला द्या, उशीर झाला की विमावाले कारण काढतात. डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल किंवा तांबं गेलं असेल तर महावितरणच्या सेक्शन ऑफिसला लेखी कळवा. मोबाइल गेला तर एफआयआर किंवा गहाळ नोंद करून संचार साथी या सरकारी वेबसाइटवर आयएमईआय ब्लॉक करा.

पैशाची फसवणूक

पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, व्हॉट्सअॅपवर येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो. पैसे गेले की आधी १९३० ला फोन, त्याच मिनिटाला, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आली तरच परत येते. मग बँक, मग पोलीस स्टेशन. व्यवहाराचा नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, फोन फॉरमॅट करू नका.

द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून गेला हा पण गुन्हा असू शकतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी अशा तक्रारींची मोहीमच घेतली होती आणि ज्यांच्याकडं वजनपावत्या, गाडी नंबर, चेक होते त्यांची बाजू भक्कम होती. तोंडी सौदा करू नका. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, त्यानंतर त्याला १५ दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात. व्यापारी "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत हे ३० दिवस खातो.

गावात मिटवायचं नाही असं

चोरीचं एक सांगून झालं, पण गावात सगळ्यात जास्त दाबलं जातं ते बायकांवरचं आणि पोरांवरचं. "गावाची बदनामी होईल", "पोरीचं लग्न व्हायचंय", असं म्हणत पारावर बसून पैशात मिटवतात. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे. मग तो पोलीस पाटील असो, शिक्षक असो की शेजारी. जातपंचायत किंवा गाव एखाद्या घराला तक्रार दिली म्हणून वाळीत टाकत असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड.

मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, दोन्ही रात्रंदिवस. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, आम्ही दुधाच्या डेअरीवर पण रंगवलेत कारण बायका सकाळ संध्याकाळ तिथं येतात. फिर्याद द्यायला जाताना त्या घरासोबत एक जाणती बाई पाठवा, जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो ते आठवणीनं सांगा. त्या रात्री अंगावरचे कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, सरकारी काय किंवा खाजगी काय, दवाखान्यात पहिले उपचार मोफत मिळतात. आणि मुलीचं नाव, घराचा फोटो, आईबापाचं नाव कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही, टाकलेलं दिसलं तर टाकणाऱ्याला फोन करून तेवढ्यात काढायला लावा.